कोरियन जोई: धातूवर रेघ कोरण्यापासून चांदी बसवण्यापर्यंत

कोरियातील गोंगजू या शहरात 1971 साली बेक्जे राज्याचा राजा मुर्यॉंग याची कबर सापडली. चोरांचा हात न लागलेल्या या कबरीत राणीची चांदीची कडी मिळाली. त्यांच्या आतल्या बाजूस ती घडवणाऱ्या ‘दारी’ नावाच्या कारागिराचे नाव कोरलेले आहे, आणि सोबतचे वर्ष इसवी सन 520 शी जुळते. त्याच कबरीत काशाच्या बैठकीवर ठेवलेला चांदीचा एक छोटा पेलाही होता. कमळाच्या पाकळ्या, डोंगर, पक्षी आणि ड्रॅगन यांची बारीक रेघांची नक्षी त्याच्यावर आहे. ही परंपरा किती जुनी आहे हे समजायला एवढे पुरेसे आहे. छिन्नी आणि हातोडी घेऊन धातूवर कोरण्याच्या या कामाला कोरियात ‘जोई’ किंवा ‘जोगाक’ म्हणतात आणि ते करणाऱ्याला ‘जोगाकजांग’. दक्षिण कोरियाच्या सरकारने 1970 साली या कौशल्याला राष्ट्रीय अमूर्त वारशात स्थान दिले. त्याचे पहिले मानकरी किम जॉंग-सॉप होते, आणि त्यांच्यानंतर तो मान त्यांचे पुत्र किम चॉल-जू यांच्याकडे आला. धातूत चांदी किंवा सोने बसवण्याच्या ‘इप्सा’ या भावंड कलेला 1983 साली स्वतंत्र मान्यता मिळाली. ली हाक-उंग हे तिचे पहिले मानकरी होते, आणि 1996 साली होंग जॉंग-शिल यांचे नाव त्या यादीत आले.

हा लेख घरच्या मेजावर हे काम शिकू पाहणाऱ्यासाठी आहे. आधी पितळेच्या पत्र्यावर प्लमच्या फुलांची (कोरियन चित्रांतल्या ‘मेह्वा’ची) फांदी कोरायची, मग त्यातल्या काही रेघांत चांदीची तार बसवायची, आणि शेवटी लोखंडावर चांदी चिकटवण्याच्या पद्धतीची ओळख करून घ्यायची, असा शिकण्याचा क्रम ठेवला आहे. तो बदलू नये, कारण कोरीव काम कच्चे असेल तर त्यावरची जडावही कच्चीच राहते. चांदी दिसते वर, पण तिला धरून ठेवते ती खालची खाच.

हत्यार ढकलायचे नाही, चालवायचे

युरोपातल्या कोरीव कामात बहुधा लाकडी मुठीची कोरणी तळहाताने पुढे ढकलतात. जोईत तसे होत नाही. इथे एका हातात छिन्नी असते, दुसऱ्या हातात लहान हातोडी, आणि लागोपाठ पडणाऱ्या हलक्या ठोक्यांनी छिन्नी पुढे सरकत जाते. रेघेची खोली जोरावर ठरत नाही. छिन्नी किती तिरकी धरली आहे त्यावर ती ठरते: माग, म्हणजे छिन्नीचे मागचे टोक, थोडा उचलला की पुढचे टोक खोल शिरते, आणि माग खाली नेला की ते वर येऊन धातूतून सुटते. हे एकदा हाताला कळले की निम्मे काम शिकून झाले, आणि ते कळायला वेळ लागतो. म्हणून पहिले काही दिवस चित्र काढण्याचा मोह टाळून टाकाऊ पत्र्यावर नुसत्या समांतर रेघा कोराव्यात.

धातू कोणता घ्यावा

कोरियन कारागीर चांदी, पितळ, तांबे, लोखंड आणि ‘बेकदोंग’ या धातूंवर काम करतात. बेकदोंग म्हणजे तांबे व निकेल यांचा पांढरा मिश्रधातू, दिसायला आपल्याकडच्या जर्मन सिल्व्हरच्या जवळचा. जोसॉन राजवटीच्या काळातल्या (14व्या शतकाच्या शेवटापासून पुढच्या) तंबाखूच्या नळ्या, पेट्यांच्या कड्या आणि कोयंडे यांत तो फार दिसतो. तांब्यात थोडे सोने मिसळून बनवलेला आणि रसायनाने काळाभोर होणारा ‘ओदोंग’ हाही या परंपरेतला एक देखणा धातू आहे, पण तो नवशिक्याच्या वाटेला जाऊ नये.

सुरुवातीला पितळ घ्यावे. सुमारे 6 सेंटीमीटर रुंद, 9 सेंटीमीटर लांब आणि दीड मिलिमीटर जाड पत्रा नुसत्या रेघांसाठी पुरतो. तार बसवायची असेल तर जाडी निदान दोन मिलिमीटर हवी, नाहीतर खाच खोल करताना पत्र्याची मागची बाजू फुगून येते. तांबे मऊ असल्यामुळे सोपे वाटते, पण छिन्नीपुढे ते चिकटून राहते आणि रेघेच्या कडा फाटल्यासारख्या दिसतात. पितळेचा तुकडा सुटून निघतो. दुकानातून आणलेला पत्रा रुळांतून दाबून काढलेला असल्यामुळे ताठ असतो, आणि रेघ कोरण्यासाठी हा ताठपणा चांगलाच आहे. अनेकजण तापवून धातू नरम करण्यापासूनच सुरुवात करतात, तसे इथे करू नये. मागून ठोकून उठाव काढायचा असेल तेव्हाच पत्रा मंद लाल दिसेपर्यंत तापवावा. पितळ जास्त तापले तर त्यातल्या जस्ताची वाफ होते, म्हणून ते काम मोकळ्या हवेत आणि बेताच्या आचेवर करावे.

छिन्न्या घडवणे

कोरियात छिन्नीला ‘जॉंग’ म्हणतात, आणि कारागीर आपली जॉंग स्वतः घडवतो. ही परंपरेची हौस नव्हे. प्रत्येकाच्या हाताची लांबी, बसण्याची उंची आणि ठोक्याचा जोर वेगळा असतो. दुसऱ्याने घासलेले टोक दुसऱ्याच्याच हाताला जमते.

त्यासाठी पाच ते सहा मिलिमीटर जाडीची आणि दहा-बारा सेंटीमीटर लांबीची जास्त कार्बनच्या पोलादाची कांडी घ्यावी. हत्यारांच्या पोलादाच्या सळ्या मोठ्या हार्डवेअर दुकानांत मिळतात. पहिल्या कामासाठी पाच छिन्न्या पुरतात: रेघ कापणारी त्रिकोणी टोकाची, जमीन (नक्षीमागची मोकळी जागा) खाली घेणारी सपाट टोकाची, रुंद खाच काढणारी गोल टोकाची, खाचेच्या भिंती आतून तिरक्या कापणारी पातळ टोकाची, आणि धातू न कापता दाबून रेघ उमटवणारी बोथट टोकाची. यांच्या जोडीला एक गोल ठसा लागतो, त्याबद्दल पुढे.

रेघ कापणाऱ्या छिन्नीकडे नीट लक्ष द्यावे लागते, कारण सगळे काम तिच्यावर चालते. कांडीच्या एका टोकाला कानशीने दोन बाजू घासून खालच्या बाजूस त्रिकोणी धार करावी. मग पुढचा चेहरा सुमारे 45 ते 60 अंशांत तिरका कापावा. शेवटी टोकाच्या अगदी खाली, एक मिलिमीटरहून कमी लांबीची एक छोटी टाच घासावी. ही टाच 15 ते 20 अंशांची असते आणि धातूवर टेकून छिन्नीला वर उचलून धरते. टाच नसेल तर छिन्नी प्रत्येक ठोक्यासरशी खोलवर रुतत जाते आणि अडकते. टाच लांब असेल तर वळणावर तिचा माग रेघेच्या बाहेरच्या कडेला घासतो आणि तिथे दुहेरी चरा दिसतो. नवशिक्याची वळणे खराब होतात ती बहुधा हात थरथरल्यामुळे नाही, लांब टाचेमुळे.

आकार झाला की हत्याराला पाणी द्यायचे. टोकाचा दोन सेंटीमीटर भाग तांबडालाल होईपर्यंत तापवावा. चुंबक चिकटेनासे झाले की तापमान गाठले आहे असे समजावे. लगेच तो भाग तेलात सरळ उभा बुडवावा. यामुळे पोलाद कडक होते पण काचेसारखे ठिसूळही होते, म्हणून टोक पॉलिश कागदाने उजळून छिन्नी मधल्या भागावर हळूहळू तापवावी. उजळलेल्या पोलादावर रंग सरकताना दिसतो. टोकापाशी फिकट गवती पिवळा रंग पोहोचताच पुन्हा थंड करावे. रंग निळ्याकडे गेला तर टोक मऊ पडते आणि सगळे पहिल्यापासून करावे लागते. ज्या टोकावर हातोडी पडणार ते मात्र मऊच ठेवावे, नाहीतर त्याच्या कपच्या उडतात.

शेवटी बारीक निसण्यावर पाणी किंवा तेल घालून धार लावावी. नखावर छिन्नीचे टोक हलकेच टेकवून सरकवावे. ती घसरली तर धार झालेली नाही, अडकली तर झाली. काम चालू असताना ही परीक्षा पुन्हा पुन्हा करावी लागते, कारण बोथट छिन्नी रेघ कापत नाही, धातू बाजूला सारते आणि दोन्ही कडांना उंचवटे उभे करते.

हातोडी हलकी हवी, सुमारे शंभर ग्रॅम. दांडा लवचिक लाकडाचा आणि मधे निमुळता असला तर मनगटावर ताण येत नाही.

राळेची बैठक

पत्रा मेजाला शिकंज्यात धरला तर ठोक्याने नाचतो. म्हणून तो ‘गामथांग’मध्ये, म्हणजे राळेच्या थरात बसवतात. कोरियन कृतीत पाइनच्या झाडाची राळ, चाळलेली माती आणि थोडे तेल एकत्र शिजवतात. आपल्याकडे चीडाची राळ, म्हणजे बेरजा, आणि विटेची बारीक पूड घ्यावी. पूर्ण कोरडी पूड आणि राळ वजनाने साधारण सारखी घेऊन मंद आचेवर जाड बुडाच्या भांड्यात राळ वितळवावी, पूड चिमटीने घालत ढवळत राहावे, आणि फेस बसला की तेल घालावे. पूड ओली असेल तर वितळलेली राळ उसळून बाहेर येते, तेव्हा ती आधी तव्यावर भाजून घ्यावी. हे काम गॅसच्या उघड्या ज्योतीऐवजी विजेच्या शेगडीवर आणि झाकण हाताशी ठेवून करावे. गरम राळ अंगावर पडली तर ओढून काढू नये, आधी भरपूर थंड पाणी ओतावे.

तेल किती घालायचे हे हवेवर ठरते. विदर्भात मे महिन्यात जे मिश्रण लोण्यासारखे वाटते तेच डिसेंबरात तडकते. म्हणून राळेच्या दहाव्या हिश्शापेक्षा कमी तेलाने सुरुवात करावी आणि एक थेंब पाण्यात टाकून पाहावा. गार झालेल्या गोळीवर नखाचा ठसा जोर लावल्यावर उमटला पाहिजे, सहज उमटता कामा नये. रेघकामासाठी बैठक कडक लागते, उठावाच्या कामासाठी मऊ. दोन डब्यांत दोन प्रकारची राळ ठेवली तर पुष्कळ त्रास वाचतो.

तयार राळ जाड लाकडी ठोकळ्यावर दोन बोटे जाडीने ओतावी. पत्रा थोडा गरम करून तिच्यावर दाबून बसवावा आणि कडांवरून राळेचा पातळ ओठ वर घ्यावा. पत्र्याखाली हवेचा फुगा राहिला तर त्या जागी ठोक्याचा आवाज बदलतो, पोकळ येतो. अशा जागी कोरायला लागण्याआधी पत्रा पुन्हा तापवून बसवावा. हा आवाज ऐकायला शिकणे फार उपयोगी आहे. पुढे छिन्नीचे टोक मोडले किंवा बोथट झाले तरी ते आधी कानाला कळते.

नक्षी उतरवणे

सराव करायला मेह्वाची फांदी उत्तम. चार कुलीन वनस्पती म्हणून कोरियन चित्रकार जी चौकडी काढतात, म्हणजे मेह्वा, ऑर्किड, शेवंती आणि बांबू, तिच्यातली ही पहिली. तिच्यात जाड खोडाच्या तुटक रेघा, निमुळत्या डहाळ्या, पाच गोल पाकळ्या आणि केसरांचे ठिपके असे सगळे प्रकार येतात. दीर्घायुष्याच्या ‘शिपजांगसेंग’ या दहा चिन्हांत सूर्य, डोंगर, पाणी, पाइन, कासव, बगळ्यासारखा दिसणारा क्रौंच, हरीण इत्यादी येतात. ती देखणी असली तरी हरणाचा पाय आणि क्रौंचाची मान अर्धा मिलिमीटर जरी चुकली तरी डोळ्यात भरते. झाड मात्र थोडी चूक पोटात घेते.

पत्र्यावर पांढऱ्या पोस्टर रंगाचा पातळ हात द्यावा आणि वाळल्यावर कार्बन कागदाने नक्षी उतरवावी, किंवा पातळ कागदावरचे चित्र डिंकाने थेट पत्र्यावर चिकटवून कागदावरूनच कोरावे. कागदाची पद्धत मला अधिक सोयीची वाटते, कारण पांढरा रंग हाताच्या घामाने पुसला जातो. मात्र कागदाखालची खोली दिसत नाही, म्हणून मुख्य रेघा एकदा हलक्या कोरून झाल्या की कागद भिजवून काढून टाकावा आणि पुढचे काम उघड्या धातूवर करावे.

तीन प्रकारच्या रेघा

जुन्या कोरियन धातुकामात रेघ तीन पद्धतींनी काढलेली आढळते, आणि शिकण्याचा क्रमही तोच ठेवावा.

पहिली ठिपक्यांची. बोथट टोकाने एकापुढे एक ठिपके ठोकत जायचे. यात धातू कापला जात नाही, त्यामुळे भीती नसते. ठिपक्यांमधले अंतर सारखे ठेवायची सवय लागली की हातोडीचा ताल बसतो.

दुसरी त्रिकोणांची. छिन्नीचा कोपरा टेकवून ठोका द्यायचा आणि लगेच टोक उचलायचे, की एक लहान पाचरीच्या आकाराचा ठसा उमटतो. त्याच्या शेपटीला लागून पुढचा. लांबून पाहिले की सलग रेघ दिसते आणि जवळून टोकदार पाचरींची माळ. गोगुर्यो, बेक्जे आणि शिल्ला या तीन प्राचीन राज्यांच्या काळातल्या सोन्याचा मुलामा दिलेल्या काशाच्या वस्तूंवर ही रेघ वारंवार दिसते. पातळ पत्र्यावर तिचा एक मोठा फायदा आहे: पत्रा कापला जाण्याचा धोका नाही आणि वळणे आपोआप सुटी पडतात.

तिसरी सलग कापलेली रेघ. छिन्नी सुमारे 60 अंशांत उभी टेकवून एका ठोक्यात टोक धातूत शिरवायचे, मग माग खाली आणून टाच टेकेपर्यंत झुकवायची आणि त्याच कोनात ठेवून बारीक, सारखे ठोके द्यायचे. छिन्नीपुढे पितळेची चकचकीत कात वळत वर यायला लागते. ती कात हे या कामाचे सगळ्यात खरे मोजमाप आहे. अखंड आणि सारख्या जाडीची कात निघत असेल तर कोन बरोबर आहे. तुकडे पडत असतील तर ठोके फार लांब अंतराने पडताहेत. धूळच निघत असेल तर धार गेली आहे. रेघ संपवताना माग हळूहळू खाली न्यावा, म्हणजे टोक वर येत येत बाहेर पडते आणि रेघ निमुळती होते. ऑर्किडचे पान किंवा मेह्वाची कोवळी डहाळी अशीच संपली पाहिजे. रेघ जिथे अचानक तुटायला हवी, उदाहरणार्थ खोडाच्या गाठीपाशी, तिथे कात छिन्नीच्या कोपऱ्याने उलटी मारून तोडावी.

वळणावर हात वळवू नये, ठोकळा वळवावा. त्यासाठी वाळूने भरलेली कातडी गादी ठोकळ्याखाली ठेवतात. पाकळीसारखे पूर्ण वर्तुळ एका दमात काढण्याऐवजी दोन अर्धवर्तुळांत काढावे आणि दोन्ही रेघा वरून उतरवून खाली मिळवाव्यात. पहिल्या फेरीत सगळ्या रेघा उथळ ठेवाव्यात. मग ज्या पुढे यायला हव्यात, म्हणजे खोडाची सावलीकडची कड आणि पुढच्या फुलाची बाह्यरेघ, त्यांवरून पुन्हा जावे. एकाच खोलीच्या रेघांनी भरलेली नक्षी पाहायला सपाट वाटते. जाड-बारीक रेघ ही इथली सावली आहे, दुसरी सावली यात नाही.

डोळ्यांवर चष्मा असावा. कातेचे कण हलके दिसतात, पण डोळ्यात गेले की रुतून बसतात.

जमीन भरणे आणि उठाव

फांदी तशीच मोकळ्या जमिनीवर ठेवली तरी चालते, आणि माझ्या मते पहिल्या कामात तशीच ठेवावी. पण कोरियात शिल्लाच्या उत्तरकाळापासून गोर्यो राजवटीपर्यंत (10वे ते 14वे शतक) चांदीच्या कामात नक्षीमागची जागा ‘ऑजामुन’ने, म्हणजे माशाच्या अंड्यांसारख्या बारीक वर्तुळांनी भरण्याची पद्धत होती. त्यासाठी कांडीच्या सपाट टोकाच्या मध्यभागी सेंटर पंचाने खोलगट खड्डा पाडावा आणि कडा घासून पातळ गोल ओठ ठेवावा. मग टोकाला पाणी द्यावे. हा ठसा उभा धरून एकेक ठोका द्यायचा. वर्तुळे एकमेकांना टेकली पाहिजेत, पण एकमेकांवर चढता कामा नयेत. आधी नक्षीच्या कडेने एक ओळ पूर्ण करावी आणि मग आत भरत जावे. उलट केले तर शेवटी कडेला अर्धी वर्तुळे उरतात आणि ती लपवता येत नाहीत. या कामात पत्रा ताणला जाऊन वाकतो, म्हणून एका कोपऱ्यातून भरत न जाता चारही बाजूंनी थोडे थोडे भरावे.

उठाव दोन रीतींनी काढतात: समोरून सपाट छिन्नीने आजूबाजूची जमीन खाली घेऊन, किंवा पत्रा नरम करून मागून ठोकून. दुसरी रीत गोर्यो काळात कळसाला पोहोचली होती, आणि बॉस्टनच्या कलासंग्रहालयातली 12व्या शतकातली सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची सुरई पाहिली तर तिचा आवाका कळतो. धातू आरपार कापून करायच्या जाळीकामाची कृती सोपी आहे: टाकायच्या भागात बारीक भोके पाडावीत, तारकरवतीने कापावे, कडा कानशीने साफ कराव्यात आणि मगच उरलेल्या धातूवर रेघा कोराव्यात. आधी रेघा आणि मग जाळी असा उलटा क्रम ठेवला तर करवतीच्या हेलकाव्याने रेघांवर ओरखडे येतात.

काम झाले की पत्रा तापवून राळेतून काढावा आणि चिकटलेली राळ टर्पेंटाइनने धुवावी. काळवंडलेला थर चिंचेच्या पाण्यात ठेवून काढता येतो. कापडी चाकावर मशीनचे पॉलिश मारू नये. त्याने रेघेच्या धारदार कडा गोल होतात, आणि ज्या कडेवर प्रकाश चमकतो तीच निघून जाते. पोलादी ओपणीने (दाबून घासत चकाकी आणणाऱ्या गुळगुळीत हत्याराने) किंवा कोळशाच्या तुकड्याने पाणी घालून हाताने ओप द्यावा.

खाचेत चांदीची तार

गोर्यो काळातल्या काशाच्या वस्तूंवर चांदी बसवण्याची मुख्य रीत म्हणजे खाच कोरून तिच्यात तार ठोकणे. मिर्यांगच्या प्योचुंगसा मठातला 1177 सालचा धूपपात्राचा नमुना आपल्या वाचकाला विशेष वाटेल, कारण त्यावर वर्तुळांत चांदीची संस्कृत बीजाक्षरे आणि पायावर ढग व ड्रॅगन आहेत. सोलच्या राष्ट्रीय संग्रहालयात 37.5 सेंटीमीटर उंचीचा पाण्याचा कलश आहे, त्यावर नदीकाठचे विलोवृक्ष, बोरू, बदके आणि होड्या चांदीच्या बारीक तारेने काढल्या आहेत. काशावर आता हिरवा थर चढला असल्यामुळे त्या पाण्यावर तरंगल्यासारख्या वाटतात.

आपल्या फांदीतल्या दोन-तीन मुख्य डहाळ्या निवडाव्यात. खाच अर्धा मिलिमीटर रुंद आणि तेवढीच खोल करावी. मग पातळ छिन्नी खाचेत तिरकी घालून दोन्ही भिंतींच्या तळाशी आत कापावे, म्हणजे खाच तोंडाशी अरुंद आणि तळाशी रुंद होते. तार सुटून येण्याचे कारण शंभरात नव्वद वेळा इथे राहिलेली कसूर असते. तार शुद्ध चांदीची घ्यावी, दागिन्यांच्या मिश्र चांदीची नाही, आणि मंद लालीपर्यंत तापवून नरम करावी. तिची जाडी अशी असावी की ती खाचेत जेमतेम शिरेल आणि वर थोडी डोके काढून राहील. एका टोकापासून सुरुवात करून बोथट छिन्नीने दाबत आणि ठोकत जावे. जोर सरळ खाली द्यावा, म्हणजे चांदी पसरून तळाच्या रुंदीत भरते. तोंडाला तार पसरली पण तळ रिकामा राहिला तर वरून ते दिसत नाही. घासायला घेतल्यावर मात्र तार उचकटून येते. सगळी तार बसली की बारीक कानस, मग पाण्यात भिजवलेला पॉलिश कागद घेऊन चांदी आणि पितळ एका पातळीवर आणावे. शेजारच्या उथळ रेघा या घासण्यात पुसल्या जाऊ शकतात, म्हणून तार बसवायच्या पत्र्यावर जडाव आधी करावी आणि बारीक रेघा नंतर कोराव्यात.

लोखंडावर चांदी

जोसॉन काळात लोखंडी धूपपात्रे, शेगड्या आणि तंबाखूच्या डब्या यांवर दुसरी रीत फोफावली. तिला ‘च्योउम इप्सा’ म्हणतात. लोखंडात खोल खाच कोरणे कष्टाचे असते. म्हणून पृष्ठभागच खडबडीत करून त्यावर चांदी चिकटवायची. जात्याला टाकी लावतात तसेच हे काम आहे, फक्त शंभरपट बारीक.

दोन मिलिमीटर जाडीचा मऊ लोखंडी पत्रा घासून साफ करावा. रुंद आणि अतिशय धारदार टोकाच्या छिन्नीने आडव्या समांतर रेघा ठोकाव्यात, एका मिलिमीटरमध्ये निदान चार-पाच. त्यावर उभ्या, मग एका कर्णाच्या दिशेने, मग दुसऱ्या कर्णाच्या. चार दिशांनी ठोकून झाल्यावर पृष्ठभागावर सूक्ष्म दाते उभे राहतात आणि बोट फिरवले तर कातडी अडकते. यानंतर त्यावर बोट फिरवू नये, कारण हाताच्या घामाने दात्यांत गंज धरतो. नक्षी मऊ पेन्सिलीने किंवा कुंचल्याने उतरवावी. मग नरम केलेली पातळ चांदीची तार किंवा पत्री तिच्यावर ठेवून लहान हातोडीने हलक्या हाताने ठोकावी, आणि ती जागेवर धरली की पुन्हा जोराने. दाते चांदीत शिरतात आणि तीच तिची पकड. पत्री बसवताना मधून कडेकडे ठोकत जावे, म्हणजे खाली हवा अडकत नाही. शेवटी उघडे राहिलेले दाते ओपणीने दाबून जमीन सारखी करावी.

आपल्या सरहद्दीजवळच्या बीदरच्या कामाशी हे ताडून पाहावे. तिथे जस्त आणि थोडे तांबे यांचा ओतीव धातू वापरतात, खाच कोरून तार बसवतात, आणि जमीन काळी होते ती किल्ल्यातल्या मातीत नवसागर मिसळून केलेल्या रसायनाने. कोरियन लोखंडाला काळेपणा येतो तो तेल आणि काजळी यांनी. घरी जवसाचे तेल वापरावे. वस्तू हाताला सोसणार नाही इतपत गरम करून तेलाचा अगदी पातळ हात द्यावा आणि धूर येईपर्यंत तापवावी. गार होऊ द्यावी आणि हेच तीन-चार वेळा करावे. तेल जाड लावले तर चिकट कवच बनते आणि ते खरवडून काढावे लागते. काळा थर पक्का बसला की चांदीवरचा थर बारीक पॉलिश कागदाच्या लहान तुकड्याने किंवा मऊ कापडाला खडूची पूड लावून पुसून काढावा. कागद फक्त चांदीच्या रेघेवर, तिच्याच दिशेने फिरवावा.

तयार वस्तूची निगा सोपी आहे. चांदी काळवंडली तर बुडवण्याची रसायने वापरू नयेत, ती भोवतीच्या काळ्या जमिनीलाही खातात. खडूची पूड आणि कोरडे कापड पुरते. लोखंडी कामावर पावसाळा लागण्याआधी जवसाच्या तेलाचा एक पुसट हात द्यावा आणि ते प्लॅस्टिकच्या पिशवीत न ठेवता कोरड्या सुती कापडात गुंडाळावे. गंजाचा ठिपका दिसलाच तर तो पितळेच्या तारेच्या ब्रशने न घासता तेलात भिजवलेल्या बांबूच्या टोकाने कोरून काढावा आणि तेवढ्याच जागेला पुन्हा तापवून तेल द्यावे.